वहिनींची दुसरी प्रत

वहिनींकडून पायलीभर तांदूळ आले, की आमच्या घरात आधी पेन शोधावं लागे. पिशवीच्या तोंडाशी सुतळीत एक चिठ्ठी खोवलेली असायची. 'नवीन इंद्रायणी, एक पायली, पोचले.' खाली सहीसाठी रेघ. त्या चिठ्ठीमागे अगदी तशीच दुसरी चिठ्ठी. एक आपण ठेवायची, दुसरी सही करून बाळूदादाच्या हाती परत पाठवायची. पहिल्या वर्षी माझी बायको भडकली होती. "घरचे तांदूळ खायला सही? उद्या भात कसा झाला याचा अहवाल मागतील." पण बोलता बोलता तिनंही सही केली. वहिनींच्या चिठ्ठीवर सही न करणारा माणूस आमच्या भावकीत अजून जन्माला यायचा आहे.

कचेरीत अर्ज द्यायचा तो दोन प्रतींत द्यावा. एक प्रत तिथं ठेवावी आणि दुसरीवर त्यांचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी, याला पोच घेणं म्हणतात. वहिनी अर्जाचीच काय, विरजणाचीही पोच घेत. ग्रामसेवकाकडून घेत, गॅसवाल्याकडून घेत. एकदा नसरापूरला एसटी आलीच नाही, तर स्टँडवरच्या कंट्रोलरकडून 'गाडी आली नाही' असं लिहून घेतलं. भावकीत त्यांचं नाव 'पोचवाल्या वहिनी' पडलं, आणि हसणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे असे. हे वेड त्यांना कुणामुळे लागलं, हे फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यातला एक मी. पुढे बायकोला सांगावं लागलं, म्हणून तीन.

बाळूदादा माझा चुलत भाऊ. त्याचा टेम्पो, आमच्या भागातली भाजी तो पहाटे पुण्याच्या मार्केटला नेतो. वहिनी वेल्ह्याकडच्या, पानशेतच्या पलीकडे धरणाच्या पाण्याकाठी असलेल्या एका वाडीतल्या. लग्न होऊन आमच्या हायवेकडच्या गावात आल्या, त्याला आता पंचवीस वर्षं होतील. तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "आमच्या तिकडं पल्याडच्या डोंगरावर म्हस वरडली तरी आयकू येतं, भावजी. हितं शेजारी मानूस बोलला तरी कळत न्हाई." मी तेव्हा त्यांना गंमत म्हणून म्हटलं होतं, "सवय होईल." माझ्या आयुष्यातले बहुतेक सल्ले एवढेच आहेत. होईल.

गौरी त्यांची एकुलती एक. मी ज्या हायस्कुलात कारकून आहे, त्याच शाळेत शिकायला होती. गौरी वात्रट नव्हती, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. ती खिडकीजवळच्या बाकावर गप्प बसायची. बाई फळ्यावर गणित सोडवत असत आणि गौरी गजावरून चाललेली मुंग्यांची रांग बघत असे. स्वतः गणित करायला घेतलं, की दोन पायऱ्या बरोबर यायच्या आणि तिसऱ्या पायरीवर पोरगी कुठंतरी निघून जायची. वही शाळेत, कंपास घरी, डबा एसटीत. एकदा एकाच पायात चप्पल घालून घरी आली. दुसरी कुठं आहे, असं विचारल्यावर पायाकडे बघून तीच आधी चकित झाली. पण मुंग्या पावसाआधी अंडी कुठल्या बाजूला हलवतात हे विचारा, अर्धा तास सांगेल.

शाळेतल्या बाई म्हणत, "मुलगी शांत आहे हो, काही त्रास नाही. थोडं लक्ष दिलं तर जमेल." वहिनी घरी येऊन ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत. "लक्षच तर देता येत न्हाई तिला. लंगड्याला म्हनायचं, थोडं पळ, मंजे बरा होशील." आणि एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पोरगा आस्ता, बाकं मोडली आस्ती, दोघांची डोकी फोडली आस्ती, तर कुनीतरी बघितलं आस्तं. माझी पोरगी कुनाच्या पायात आली न्हाई, म्हनून कुनाच्या डोळ्यात बी आली न्हाई."

आठवीत असताना शाळेत आरोग्य तपासणीला एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. डोळे तपासता तपासता त्या गौरीशी पंधरा मिनिटं बोलत बसल्या. मग त्यांनी वहिनींना बोलावून घेतलं आणि पुण्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. वहिनींनी एसटीनं चार खेपा केल्या. बाळूदादाला मार्केट बुडवता येत नव्हतं, मला शाळा बुडवता येत नव्हती. निदान मी तसं सांगितलं. चौथ्या खेपेला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर ए डी एच डी अशी चार इंग्रजी अक्षरं होती. वहिनींनी ती पाठ केली.

शेजारच्या आत्यांनी विचारलं, "ही कंची डिगरी म्हनायची?"

"डिगरी न्हाई, आत्या. पोरीचं लक्ष टिकत न्हाई, त्याचं नाव हाय."

"मग आमच्या म्हाताऱ्याला बी हीच आसंल. चाळीस वर्सं झाली, माझं एक बोलनं त्याच्या कानात टिकत न्हाई."

सगळ्या बायका हसल्या, वहिनीही हसल्या. मग एकेक बाई आपापल्या घरी गेली आणि वहिनी ओट्यावर प्रमाणपत्र मांडीवर घेऊन एकट्याच बसून राहिल्या. मी सायकलवरून जाताना बघितलं. थांबावंसं वाटलं होतं. पण थांबून काय बोलायचं ते सुचेना, म्हणून घंटी वाजवली आणि पुढे गेलो.

दुसऱ्याच दिवशी त्या शाळेत माझ्या खिडकीशी आल्या. फुलस्केपवर, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला अर्ज होता. वहिनी दहावी झालेल्या; अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. 'विषय: माझी मुलगी गौरी हिला वर्गात पुढे बसवणेबाबत.' खाली चार मागण्या. खिडकीपासून लांब, पुढच्या बाकावर बसवावं. एका वेळी एकच सूचना द्यावी. चाचणीत थोडा जादा वेळ द्यावा. आणि दहावीला बोर्डाकडून जादा वेळ मिळावा, म्हणून शाळेनं वेळेत प्रस्ताव पाठवावा. दोन्ही प्रती हातानं लिहिलेल्या होत्या.

"भावजी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, दुसऱ्या परतीवर शिक्का घ्या."

मी हसलो. अजून ते हसू आठवलं, की मान खाली जाते. "वहिनी, मी काय परका आहे? घरच्या माणसाला कुणी पोच देतं का? उद्या तुमच्याकडे जेवायला आलो, तर ताटाची पावती मागू?"

वहिनी ओशाळल्या. "तसं न्हाई ओ. त्यांनी सांगितलं, म्हनून म्हनलं." त्यांनी दुसरी प्रत चार घड्या घालून पिशवीत ठेवली. मी त्यांना चहा पाजला. आमच्या कचेरीत रीतच तशी होती. अनोळखी माणसाला शिक्का, नात्यातल्याला चहा. नात्यातल्या माणसानं शिक्का मागितला, तर तो आपल्यावर संशय घेतो असं आम्हाला वाटतं, आणि आपण शिक्का दिला तर त्याला परकं केलं असं त्याला वाटतं. सगळा कारभार विश्वासावर.

अर्ज मी आवक रजिस्टरला चढवला नाही. म्हटलं, घरचं काम आहे, सरांचा मूड बघून हातोहात देऊ. मुख्याध्यापक सर वाईट नव्हते, पण मूडचे होते. सोमवारी तपासणीची धास्ती, गुरुवारी उपवास. आणि उपवासाच्या माणसापुढे अर्ज ठेवू नये, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. अर्ज टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेला. त्यावर शिक्क्याच्या शाईची डबी आली, डबीवर एसटी पासांचे फॉर्म, फॉर्मवर स्नेहसंमेलनाच्या पत्रिका. मूड आला तेव्हा अर्ज आठवला नाही, आणि अर्ज आठवला तेव्हा मूड नव्हता.

वहिनी अधूनमधून येत. कचेरीबाहेर, रुळाच्या तुकड्याची घंटा टांगली आहे, तिच्याखाली बाक आहे. त्या बाकावर पदर सावरून बसत. मुलं खेळायला सुटत, बाई चहाला जात, आणि सगळं मैदान गलक्यानं भरलेलं असताना त्या बाकाभोवती मात्र कुणी फिरकत नसे. 'सारखी शाळेत येऊन बसते, पोरीला बिघडवते' असं बायका बोलत, ते त्यांच्या कानावर जाई. मला फक्त एवढं विचारत, "सर काय म्हनले?"

आणि मी म्हणत असे, "कानावर घातलंय. होईल."

खोटं एवढंच. दोन शब्दांचं. ते नववीचं पूर्ण वर्ष पुरलं.

गौरी दहावीत गेली. पहिली सहामाही संपली, तरी बाक तोच, खिडकी तीच. तेव्हा वहिनी सरळ सरांच्या केबिनमध्ये गेल्या. मलाही आत बोलावलं होतं. सरांनी प्रमाणपत्र वाचलं आणि खरोखर काळजीनं म्हणाले, "अहो ताई, प्रस्तावाची मुदत केव्हाच संपली. तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलंय, सर. पोरगी आठवीत आसताना अर्ज दिलाय."

सरांनी रजिस्टर मागवलं. मीच आणून दिलं. त्यांनी पानं उलटली, मग माझ्याकडे बघितलं. "असा काही अर्ज आला होता का हो?"

समोर भिंतीवर खतांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. त्यावरच्या बैलजोडीत उजवा बैल किंचित बुटका काढलाय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी म्हणालो, "रजिस्टरला दिसत नाही, सर."

"ताई, पोच आहे का तुमच्याकडे?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. गर्दीत आपलं माणूस शोधताना बघतात, तसं. मग पिशवीच्या तोंडावरची मूठ आवळली आणि म्हणाल्या, "न्हाई, सर. पोच न्हाई माझ्याकडं."

एवढंच. माझं नाव घेतलं असतं, तर मी नाही म्हणू शकलो नसतो. ड्रॉवर तिथून दहा पावलांवर होता. त्यांनी घेतलं नाही. मीही ती दहा पावलं चाललो नाही.

सरांनी दुसऱ्या दिवशी गौरीला पुढच्या बाकावर बसवलं, हे खरं सांगायला हवं. पण बोर्डाचा वेळ सरांच्या हातात नव्हता. मार्चच्या परीक्षेत गौरीनं गणिताच्या पेपरात पहिले तीन प्रश्न सोडवले, तिन्ही बरोबर. चौथ्याला बेल झाली. निकालाच्या दिवशी सगळी शाळा पेढे वाटत होती. कधी टेम्पोतून खाली न उतरणारा बाळूदादा त्या दिवशी टेम्पो बंद करून कचेरीत आला. मार्केटच्या कोथिंबिरीच्या काड्या त्याच्या सदऱ्याला चिकटलेल्या होत्या. सरांसमोर उभा राहून तो एकच वाक्य बोलला. "सर, माझी पोरगी ढ न्हाई. तिला येळ कमी पडला." आणि उत्तराची वाट न बघता गेला.

त्याच आठवड्यात मी माफी मागायला गेलो. वहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या. मी सुरुवात केली, "वहिनी, तो अर्ज..."

"च्या ठेवते," म्हणून त्या उठल्या. चहा झाला, कप विसळून झाला, आणि मग दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, तुमी मुद्दाम न्हाई केलं. मुद्दाम केलं आस्तं, तर भांडता तरी आलं आस्तं."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग उद्या जाऊन सरांना सांगा." मी म्हणालो, सर याच महिन्यात रिटायर होतायत, जाता जाता कशाला मनस्ताप. तिनं ताट वाढलं आणि स्वतः जेवायला बसली नाही.

त्यानंतर वहिनी पोचवाल्या झाल्या. त्यांनी भोरला एसटी स्टँडमागे एक खोली घेतली, कारण तिथं एक निवृत्त मास्तर गौरीला एका वेळी एकच गणित शिकवायला तयार होते. तालुक्याच्या कचेरीत त्यांनी अर्ज दिला, पुण्यात दिला, पुन्हा शाळेत दिला. प्रत्येक ठिकाणी दोन प्रती. साहेब जागेवर नाहीत म्हटलं, की म्हणत, "साहेब नसू द्या. शिक्का तर हाय ना?" एका शिपायानं सांगितलं, "ताई, काम होऊन जाईल, पोच कशाला?" त्याला म्हणाल्या, "तोंडी समदे व्हय म्हनतात, दादा. न्हाई फकस्त लेखी म्हनतात. मला व्हय बी लेखी पायजे." फेरपरीक्षेला गौरीला जादा वेळ मिळाला. गणितात पास झाली. पेढ्याचा पुडा आमच्या घरी आला, तो चिठ्ठीसकट. मी सही केली.

गौरी कृषी पदविकेला गेली. मुंग्या बघण्याचं कुठंतरी चीज झालं. सकाळी एसटीनं जायची, संध्याकाळी यायची. बाळूदादा मार्केटच्या धबडग्यातून सुटून फक्त रविवारी भोरला जाई. मधले सगळे दिवस वहिनी आणि ती खोली. मी दोन-तीनदा गेलो. भिंतीवर घड्याळ, त्याखाली गौरीच्या दिवसाचा तक्ता: 'डबा. पास. चप्पल दोन.' खिडकीतून स्टँडवरची घोषणा ऐकू यायची. वहिनी प्रत्येक गाडीचं नाव माझ्याआधी सांगत. "वेल्ह्याची लागली. आता ती लाल पिशवीवाली मावशी पळत येईल बघा." आणि खरंच यायची. "वळख न्हाई माझी तिची," त्या म्हणाल्या. "पन दिवसातनं कुनाची तरी वाट बघितली, मंजे दिवस जातो."

मग हळूहळू त्यांच्याकडे बायका येऊ लागल्या. शेजारच्या शमीमभाभींची मुलगी अशीच वर्गात हरवून बसायची. तिचा अर्ज वहिनींनी लिहून दिला. आणखी दोघींचे लिहिले. बायका अर्ज घ्यायला येत, चहा पीत, डोळे पुसत आणि आपापल्या घरी जात. शिक्का घेऊन झाला, की परत यायचं कुणाला कारण नसे. "काम झालं मंजे येत न्हाईत," वहिनी म्हणाल्या आणि मग घाईनं भर घातली, "बरंच हाय की. काम झालं म्हनून."

त्या दिवशी त्यांनी मला आपली फाईल दाखवली. पोच घेतलेल्या प्रती तारीखवार लावलेल्या. निळे, जांभळे, अर्धवट उमटलेले शिक्के. सगळ्यांत खाली चार घड्यांचा एक फुलस्केप कागद होता. तो त्यांनी उघडला नाही. मीही विचारलं नाही.

यंदा गौरीला मावळात एका गुलाबाच्या पॉलिहाऊसवर नोकरी लागली. तिला सकाळी वेळेवर बाहेर काढायला कुणीतरी हवं, म्हणून वहिनी तिच्याबरोबर निघाल्या. बाळूदादाही टेम्पो तिकडेच लावणार. जायच्या आदल्या दुपारी त्या शाळेत आल्या. बाकावर बसल्या नाहीत. सरळ खिडकीशी आल्या आणि तो चार घड्यांचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"भावजी, एवढी पोच द्या."

घड्यांवर कागद विरला होता. 'माझी मुलगी गौरी हिला वर्गात पुढे बसवणेबाबत.' मी ड्रॉवर उघडला. शाईच्या डबीखालून पहिली प्रत काढली. होय, होतीच तिथं. इतक्या वर्षांत ती टाकून द्यायची हिंमत झाली नाही आणि बाहेर काढायचीही. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यावर वहिनी बराच वेळ पहिलीकडे बघत राहिल्या. तिच्यावर डबीचा गोल जांभळा डाग पडला होता.

मी तारखेचा शिक्का घेतला. त्याच्या रबरी चकत्या फिरवून मी वर्ष मागे नेऊ लागलो. गौरी आठवीत होती ते वर्ष. निदान एवढं तरी करू, असं मनात होतं.

वहिनींनी खिडकीतून हात आत घातला आणि शिक्क्यावर ठेवला.

"आजची टाका, भावजी. उशिरा तर उशिरा, पन खरी असू द्या."

मी चकत्या पुन्हा पुढे आणल्या. शिक्का मारला, सही केली. वहिनींनी शाईवर फुंकर मारली, कागद फाईलमध्ये सगळ्यांत खाली लावला आणि म्हणाल्या, "हा एकच कोरा व्हता." मग पदर सावरून, "जाऊबाईंना सांगा, येते म्हनून." गेटबाहेर बाळूदादा टेम्पो चालू ठेवून बसला होता. त्यानं मला हात केला. कुणी मला माफ केलं, असं त्यात काही नव्हतं. निघतो, एवढंच होतं.

पहिली प्रत मी आवक रजिस्टरला रीतसर चढवली. पुढच्या आठवड्यात नव्या मुख्याध्यापिका मॅडम रजिस्टर तपासत होत्या, त्यांनी बोट ठेवलं. "ही गौरी कुठल्या वर्गात आहे?"

"शाळेत नाही मॅडम. पास होऊन गेली, पाचएक वर्षं झाली."

"मग हा अर्ज आता कसा आला? आणि 'केलेली कार्यवाही' हा रकाना कोरा का?"

बैलजोडीचं कॅलेंडर केव्हाच गेलं होतं. भिंतीवर बघायला काही नव्हतं. तेव्हा मी मॅडमना सगळं सांगितलं, पहिल्या चहापासून. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "बरं, मग रकान्यात काय लिहायचं?"

यंदा तांदूळ आले नाहीत. बायकोनं पेन मात्र फडताळावर काढून ठेवलंय, अजून आत ठेवलेलं नाही. रजिस्टरमधला तो रकानाही तसाच आहे. तपासणीला कुणी आलं आणि विचारलं, की मी उभा राहतो आणि सांगतो, प्रलंबित आहे, साहेब. माझ्याकडेच.